एसी चोवीसवर, स्लॅब साठवर

2025 च्या जूनमध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी जाहीर केलं, की एसीचं तापमान 20 अंशांच्या खाली आणि 28 च्या वर नेताच येणार नाही असा नियम लवकरच आणू. झालं, कोणाच्या घरात एसी कितीवर चालतो यावर वाद रंगले. सोळावर लावणारे उधळे ठरले, चोवीसवर लावणाऱ्यांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली. एक साधा प्रश्न मात्र राहूनच गेला. वरच्या मजल्यावरचा माणूस एसी सोळावर लावतो तो हौसेने का? बहुतेक वेळा नाही. संध्याकाळी सातला त्याच्या डोक्यावरचा स्लॅब इतका तापलेला असतो, की खोलीतली हवा चोवीसवर आली तरी अंगाला गार म्हणून वाटत नाही. मग बिचारा रिमोट दाबत राहतो.

एसी थंडी तयार करत नाही. घरात शिरलेली उष्णता उचलून बाहेर टाकतो, एवढंच त्याचं काम. त्यामुळे विजेचं बिल दोन गोष्टींवर ठरतं: एसी किती चांगला, आणि घराचं कवच किती उष्णता आत सोडतं. कवच म्हणजे छत, बाहेरच्या भिंती, खिडक्या, दारं. एसी घेताना आपण स्टार मोजतो. कवच घेताना, म्हणजे घर घेताना, काय मोजतो? कार्पेट एरिया आणि पार्किंग.

उष्णता आत येते कुठून

शाळेत वहन, अभिसरण आणि प्रारण शिकलो होतो. तिन्ही प्रकार घरात रोज चालू असतात. उन्हाने गच्ची तापते ते प्रारण. तापलेल्या गच्चीतली उष्णता काँक्रीटमधून खाली सरकते ते वहन. फटींतून, उघड्या दारातून गरम वारा येतो ते अभिसरण. शेवटी स्लॅबचा खालचा पृष्ठभाग तापला, की तो खोलीतल्या माणसांवर उष्णता फेकू लागतो, म्हणजे पुन्हा प्रारण. पंखा लावून ही शेवटची उष्णता जात नाही, कारण ती हवेवर अवलंबूनच नाही. वरच्या मजल्यावर माळ्यावरची चादर रात्री काढली तरी गरम लागते ती याच स्लॅबमुळे.

इन्सुलेशन म्हणजे यातली वहनाची वाट अडवणं. त्यासाठी सर्वांत स्वस्त अडसर आहे हवा. अट एकच, ती जागच्या जागी थांबली पाहिजे. थर्माकोल, काचतंतूंची लोकर, फोमचे बोर्ड, पोकळ विटा या सगळ्यांत खरं काम करते ती बारीक कप्प्यांत कोंडलेली हवाच. बाकीचा माल म्हणजे त्या कप्प्यांच्या भिंती. उसाच्या रसवंतीवर बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून भुशात ठेवलेली असते, ती आठवा. गोणपाट बर्फाला गार करत नाही, बाहेरची उष्णता लादीपर्यंत पोचायला उशीर लावतं. तेच गोणपाट थंडीत म्हशीच्या पाठीवर टाकलं की तिला ऊब देतं. इन्सुलेशनला थंड-गरम कळत नाही. ते फक्त येणं-जाणं मंदावतं. पुढच्या बऱ्याच शंका एवढं लक्षात ठेवलं तरी सुटतात.

बर्फावरून आठवलं. एसीचा ‘टन’ आला तोच मुळी बर्फावरून. 24 तासांत एक अमेरिकन टन, म्हणजे 907 किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उपसण्याची ताकद म्हणजे एक टन. वॅटमध्ये सुमारे 3,500.

एकच आकडा समजून घ्या

कवचाचं मोजमाप करणाऱ्या आकड्याला यू-व्हॅल्यू म्हणतात. दोन्ही बाजूंच्या तापमानात एका अंशाचा फरक असेल, तर एक चौरस मीटर भागातून किती वॅट उष्णता पार होते, ती यू-व्हॅल्यू. आकडा जितका कमी तितकं कवच चांगलं.

6 इंची उघड्या आरसीसी स्लॅबची यू-व्हॅल्यू साधारण 3.3 भरते. आता 10 बाय 12 ची बेडरूम घ्या, वरच्या मजल्यावरची. छत सुमारे 11 चौरस मीटर. मे महिन्यात गच्चीचा पृष्ठभाग 60 अंशांच्या आसपास जातो. आत 28 ते 30 हवेत. फरक धरू 30 अंशांचा. 11 गुणिले 3.3 गुणिले 30, म्हणजे जवळपास 1,100 वॅट. हजार वॅटचा हीटर छताला टांगावा तितकी उष्णता, आणि ती एका खोलीत. दीड टनाच्या एसीची पाचव्या हिश्श्याहून जास्त ताकद इथेच संपली. हा अगदी रणरणत्या वेळेचा ठोकताळा झाला, दिवसाची सरासरी याहून कमी असते. पण दुखणं किती मोठं आहे ते कळायला पुरेसा आहे.

याच स्लॅबवर 2 इंची एक्सपीएस टाकलं तर? एक्सपीएस म्हणजे थर्माकोलचाच घट्ट, बंद कप्प्यांचा भाऊ. पत्र्यासारखे ताठ बोर्ड मिळतात, बहुधा रंगीत. यू-व्हॅल्यू 3.3 वरून सुमारे 0.5 वर येते, आणि 1,100 वॅटचे 165 होतात. काँक्रीट जाड करून हाच परिणाम साधायचा म्हटलं, तर साडेआठ फूट काँक्रीट ओतावं लागेल.

आणखी एक गंमत आहे, विकणारे ती सांगत नाहीत. पहिल्या इंचात यू-व्हॅल्यू 3.3 वरून 0.9 च्या खाली येते. दुसऱ्या इंचात 0.5. पुढचे दोन इंच वाढवले तर 0.27. म्हणजे पहिलाच इंच सगळ्यांत मोठं काम करून जातो. ‘करायचं तर चार इंच, नाहीतर नको’ असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर 2018 मध्ये राहत्या इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ आणली. तिच्यात छताची यू-व्हॅल्यू 1.2 पेक्षा जास्त नको असं म्हटलं आहे. आपला उघडा स्लॅब या मर्यादेच्या पावणेतीनपट. वर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, असला तरी दुपटीच्या आसपास. राज्यांनी आणि महापालिकांनी आपापल्या बांधकाम नियमांत घेतल्यावरच अशी संहिता प्रत्यक्षात लागू होते, त्यामुळे बिल्डरच्या माहितीपत्रकात हा आकडा शोधायला जाऊ नका. विचारा मात्र जरूर. उत्तर येणार नाही, पण प्रश्न तरी त्यांच्या कानावर पडेल.

रात्री नऊला खोली का पेटते

ऊन दुपारी दोनला कडक, आणि घर तापतं रात्री. याचं कारण काँक्रीटचं वजन. जड वस्तू तापायला वेळ घेते आणि निवायलाही. 6 इंची स्लॅबमधून दुपारची झळ खाली पोचायला चार-पाच तास लागतात. म्हणजे तुम्ही ऑफिसातून घरी येता, जेवता आणि अंथरुणावर पडता, नेमक्या त्या वेळी स्लॅब दुपार परत करत असतो. बाहेर गच्चीवर वारा सुटलेला असतो आणि आत घामाच्या धारा. विदर्भात लोक उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचे, त्यात हौस होती तशी ही अडचणही होती.

मग जुनी घरं गार कशी असायची? मराठवाड्यात, सोलापुरात माळवदाची घरं होती. लाकडी तुळया, त्यावर किलचन म्हणजे बारीक लाकडांचा थर, त्यावर पाला, मग चिखल आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा थर. मातीचा हा सगळा थर फूटभराच्या घरात जायचा. भिंती दोन-दोन, तीन-तीन फुटी. झळ एवढ्या जाडीतून उतरेपर्यंत रात्र सरायची आणि थर वरून निवू लागायचा. दुपार आत पोचायचीच नाही. ‘आमच्या वाड्यात एसीशिवाय गार वाटायचं’ असं सांगणारे आजोबा खोटं बोलत नाहीत.

पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फूटभर मातीचं वजन दर चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हीच माळवदं आणि दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. त्यानंतर तिथल्या माणसाला डोक्यावर माती नको वाटू लागली, आणि त्यात नवल काहीच नाही. पत्रे आले, स्लॅब आले. जीव सुरक्षित झाला, घर तापलं.

आजच्या इन्सुलेशनचं महत्त्व मला इथे सगळ्यांत जास्त वाटतं. 2 इंची एक्सपीएसचं वजन दर चौरस मीटरला जेमतेम दीड-दोन किलो. वहन अडवण्यात ते फूटभर मातीच्या चौपट वरचढ. मातीसारखी झळ साठवून ठेवण्याची ताकद त्याच्यात नाही हे खरं, पण ते काम खालचा स्लॅब करतो, आणि तोही आता सावलीत बसून. माळवदाचा गारवा त्याच्या वजनाशिवाय मिळवायचा हा मार्ग आहे. ‘पुन्हा मातीची घरं बांधा’ म्हणणाऱ्यांनी हे जरा बघावं.

भिंती, आणि खिडकी नावाचं भोक

छताइतकी नाही, पण भिंतीही उष्णता आत घेतात, पश्चिमेची सर्वांत जास्त. जुन्या 9 इंची विटेच्या भिंतीची यू-व्हॅल्यू गिलाव्यासकट 2 च्या आसपास. 8 इंची एएसी ब्लॉकची, ज्याला बांधकामावर अजून सर्रास सिपोरेक्स म्हणतात, 0.8 च्याही थोडी खाली. त्या ब्लॉकमध्ये हवेचे बुडबुडे असतात म्हणून तो हलका आणि म्हणूनच चांगला.

आणि नव्या टॉवरमध्ये काय असतं? मुंबई-पुण्यात हल्ली मायवान पद्धतीने इमारती उभ्या राहतात. अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंत आणि स्लॅब एकदमच ओततात. काम झपाट्याने होतं, गिलाव्याची कटकट नाही, भिंती सरळसोट. पण मग बाहेरची भिंतही काँक्रीटचीच, आणि तिची यू-व्हॅल्यू 3.5 पर्यंत जाते. तिसाव्या मजल्यावर कोटी-दीड कोटी मोजून घेतलेल्या फ्लॅटची भिंत उष्णतेच्या बाबतीत आजोबांच्या 9 इंची विटेपेक्षा पातळ ठरते. भिंतीवर खिळा ठोकताना ड्रिल लागली की समजायचं.

खिडकीचं गणित वेगळं. काच पातळ म्हणून उष्णता येते हा भाग लहान. मोठा भाग म्हणजे ऊन सरळ आत येतं. उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या खिडकीवर दर चौरस मीटरला 500-600 वॅट ऊन पडू शकतं, आणि साधी काच त्यातला चार-पंचमांश भाग आत सोडते. दोन चौरस मीटरची खिडकी असेल तर छताच्या जवळपास तेवढाच ऐवज. आत पडदा लावला तर पडदा तापतो, आणि तापलेला पडदा घरातच असतो. म्हणून ऊन काचेच्या बाहेर अडवायचं: छज्जा, बांबूची चटई, पूर्वी लावायचे ते वाळ्याचे पडदे. पश्चिमेचा छज्जा दीड फुटी असेल तर त्याचा उपयोग थोडाच, कारण तिथलं ऊन खालून, तिरपं येतं. तिथे उभा आडोसाच हवा. एवढं न करता भिंतीवर पैसे ओतणं म्हणजे दार उघडं टाकून कुलूप विकत घेणं.

कवच टिकतं ते कसं

इन्सुलेशनने घर मजबूत होतं, असं जाहिरातीत म्हणतात. त्याचा अर्थ नीट घ्यायला हवा. फोमच्या बोर्डाने स्लॅबची भार पेलण्याची ताकद काडीइतकीही वाढत नाही. सळ्या गंजल्या असतील, खालून काँक्रीटचे पोपडे पडत असतील, तर आधी त्याची दुरुस्ती. वर बोर्ड टाकून ते झाकणं हा गुन्हा आहे.

मजबुती मिळते ती वेगळ्या वाटेने. काँक्रीट तापलं की फुगतं, दर अंशाला दर मीटरमागे साधारण एक शतांश मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण 10 मीटर लांब स्लॅब पहाटे 28 अंशांवर आणि दुपारी 58 अंशांवर असेल, तर त्याची लांबी रोज 3 मिलिमीटरने वाढते आणि रोज कमी होते. खालची भिंत सावलीत, ती इतकी हलत नाही. मग दोघांची ओढाताण जिथे होते तिथे रेघ उमटते. वरच्या मजल्यावर भिंत आणि छत जिथे मिळतात, तिथे भिंतीभर आडवी गेलेली बारीक भेग पाहिली असेल. पुट्टी भरून रंग मारला की वर्षभर दिसत नाही, पुढच्या मेमध्ये त्याच जागी हजर. रंगाऱ्याचा त्यात दोष नसतो.

वॉटरप्रूफिंगचंही तेच. त्याचा थर रोज ताणला जातो, आखडतो, वरून ऊन खातो. मग जूनची पहिली सर तापलेल्या गच्चीवर पडते आणि काही मिनिटांत तापमान धाडकन उतरतं. थर कडक झालेला असेल तर तडकतो. तडा गेला की पाणी आत, पाणी आत गेलं की सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते.

इन्सुलेशन स्लॅबच्या वर आणि वॉटरप्रूफिंगच्याही वर टाकलं, तर ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. क्रम असा: स्लॅब, उताराचा थर, वॉटरप्रूफिंग, त्यावर एक्सपीएस, मग कापडासारखा विलग करणारा थर, आणि वर चालण्यासाठी कोबा किंवा फरशी. आता रोजचा उन्हाचा मार फरशी खाते, स्लॅब दिवसभर दोन-चार अंशांतच खेळतो. आतून फॉल्स सीलिंग केलं तर खोलीला आराम मिळतो, पण स्लॅब उन्हात तसाच भाजत राहतो. कवच टिकवायचं असेल तर काम वरूनच.

आतलं काम अगदी वाया जातं असं नाही. जिप्सम बोर्डाचं फॉल्स सीलिंग आणि मधली हवेची पोकळी मिळून छतातून येणारी उष्णता जवळपास निम्मी करतात. सीलिंगवर 2 इंची दगडी लोकर, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंची रॉकवूल, पसरली तर आणखी बरीच. पीओपीवर फुलं-पानं काढण्याऐवजी तो पैसा लोकरीत घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी पांढरं, मग जाड

उष्णता शिरल्यावर अडवण्यापेक्षा तिला दारातूनच परत पाठवणं स्वस्त. साधं करडं काँक्रीट उन्हाचा मोठा भाग पिऊन टाकतं. ताजा पांढरा चुना किंवा छतासाठी मिळणारा पांढरा रंग त्यातला 70-80 टक्के भाग परतवतो. तेलंगणाने 2023 मध्ये यासाठी स्वतंत्र ‘कूल रूफ’ धोरणच आणलं. आपल्याकडे चायना मोझॅकची पांढरी गच्ची हा त्याचाच जुना अवतार, आणि तो चुन्याहून टिकाऊ. चुना पावसात धुऊन जातो आणि धुळीने मळतो, त्यामुळे दर उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा मारावा लागतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने, किंवा ज्याच्याकडे एसीच नाही त्याने, सुरुवात इथूनच करावी.

पत्र्याच्या घराला तर दुसरा पर्यायच नाही. लोखंडी पत्रा उष्णता अडवत नाही आणि साठवतही नाही, ऊन पडल्यावर काही मिनिटांतच खालच्या माणसावर झळ फेकू लागतो. वरून पांढरा रंग, खाली वारा फिरेल इतकी पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्या किंवा फोम लावलेलं छत, एवढ्यानेही बराच फरक पडतो. विदर्भात पत्र्यावर पऱ्हाट्या किंवा कडबा टाकतात. सावली म्हणून ते उत्तम, पण वाळलेला कडबा आणि चूल यांचं वैर विसरू नका.

‘हे तर थंड देशांतलं काम’

ही शंका सगळ्यांत जास्त ऐकू येते. लंडनच्या हिवाळ्यात बाहेर 5 आणि घरात 20 अंश. फरक 15. नागपूरच्या मेमध्ये गच्ची 60 वर आणि खोली 28 वर. फरक 32. उष्णता फरक बघून धावते, देश बघून नाही. उलट आपलं काम सोपं आहे. त्यांना घर चहूबाजूंनी गुंडाळावं लागतं. आपल्याकडे बैठ्या घराला किंवा वरच्या मजल्याला छत आणि पश्चिमेची बाजू सांभाळली तरी बरंच साधतं.

‘मग रात्री घरातली उष्णता बाहेर कशी जाणार?’

शंका रास्त आहे. माणसं, फ्रीज, स्वयंपाकघर हे सगळं घरात उष्णता सोडतच असतं. उघडा स्लॅब पहाटे थोडा तरी निवतो, झाकलेला तेवढा निवत नाही. एसी असेल तर हा प्रश्न उरत नाही. नसेल तर रात्री खिडक्या उघडून वारा आत घ्यावा लागेल आणि सकाळी नऊच्या आत बंद कराव्या लागतील. डास, चोर, शेजारच्या टॉवरची भिंत, ज्याचं जे कारण असेल ते असेल, पण रात्री ज्या घरात खिडकी उघडताच येत नाही आणि एसीही नाही, तिथे जाड इन्सुलेशनच्या आधी पांढरी गच्ची आणि वारा यांचाच विचार करावा.

‘आमच्याकडे पाऊस फार’

कोकणात आणि मुंबईत हा प्रश्न येणारच. पाणी स्थिर हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. म्हणून भिजलेली लोकर जवळपास निकामी. गच्चीवर बंद कप्प्यांचंच इन्सुलेशन हवं; लोकर फक्त आत, कोरड्या जागी. कोपऱ्यात मोकळी जागा सोडून बोर्ड बसवले तर तेवढ्याच पट्टीतून उष्णता येते, आणि एसीच्या खोलीत उन्हाळी-पावसाळी हवेची वाफ अशाच थंड-गरमच्या सीमेवर जमून बुरशी धरते. बोर्ड एकमेकांना घट्ट भिडलेत की नाहीत, हे काम चालू असतानाच गच्चीवर जाऊन बघायचं. वर कोबा पडल्यावर काही दिसत नाही.

‘आग लागली तर?’

फोम पेट घेतो, यात लपवण्यासारखं काही नाही. 14 जून 2017 ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत 72 माणसं गेली. त्या इमारतीला बाहेरून प्लास्टिकचा गाभा असलेले पत्रे लावले होते आणि त्यामागे जळणारं इन्सुलेशन होतं. आग बाहेरच्या बाजूने वर चढत गेली. त्यामुळे उंच इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर आणि वायरिंग असलेल्या सीलिंगमध्ये न जळणारी दगडी लोकरच वापरावी. गच्चीवर, कोब्याच्या खाली गाडलेल्या बोर्डाला हवाही मिळत नाही आणि ठिणगीही, तिथली गोष्ट वेगळी.

‘गच्ची सोसायटीची, घाम माझा’

इथे तांत्रिक प्रश्न संपतो आणि वार्षिक सभा सुरू होते. पहिल्या मजल्यावरचे म्हणणार, आम्हाला काय फायदा? त्यांना गारवा मिळणार नाही हे मान्य करूनच बोलावं. पण वॉटरप्रूफिंग आणि स्लॅबची दुरुस्ती सगळ्यांच्या वर्गणीतून होते, आणि इन्सुलेशनने वाढणारं आयुष्य त्याच दोन गोष्टींचं आहे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग नव्याने करायला काढाल तेव्हा त्याच कामात एक्सपीएसचा थर घाला. कोबा फोडणं, मलबा उतरवणं, पुन्हा फरशी घालणं हा खर्च तसाही होणारच असतो, वाढतो तो फक्त बोर्डाचा. नुकतंच काम झालेली गच्ची केवळ इन्सुलेशनसाठी फोडू नये. आणि गच्चीवर पत्र्याची शेड टाकायचं ठरलं, तर सावली म्हणून ती चांगलीच, पण महापालिकेची परवानगी आधी.

कोटेशन घेताना मालाचं नाव, जाडी आणि घनता लेखी मागा. ‘हीट प्रूफ’ एवढंच लिहिलेलं असेल तर तो कागद परत करा. रंगवाला ‘10 अंशांनी उतरेल’ म्हणाला तर कशाचं तापमान ते विचारा, गच्चीच्या पृष्ठभागाचं की खोलीतल्या हवेचं. तो मोजतो पृष्ठभागाचं, आपण झोपतो खोलीत, आणि खोलीत पोचेपर्यंत त्या दहाचे दोन-तीनच उरतात.